बंद खाणीलगतच्या ओढ्याकाठी देशी झाडोरा कसा उभा करावा: नवख्यांसाठी पायरीपायरीनं

आमच्या कोरेगाव तालुक्यात एक ओढा आहे. डोंगराच्या कुशीतून निघतो, वासना नदीला मिळतो आणि तिच्यासोबत कृष्णेत जातो. वरच्या अंगाला करंज, जांभूळ आणि उंबरांची इतकी दाट सावली की एप्रिलातही तिथं बसलं की गार वाटतं. मग बंद पडलेली दगडखाण लागते आणि जवळपास अर्धा किलोमीटर काठावर सावलीचं नाव नाही. पावसाळ्यात राखाडी गाळ, उन्हाळ्यात तापलेली खडी, आणि बारा महिने वेडी बाभूळ नि घाणेरी. गेले सहा पावसाळे गावातली आम्ही दहा-बारा माणसं या अर्ध्या किलोमीटरावर राबतोय. त्यातली पहिली दोन वर्षं जवळजवळ वाया गेली. तुमची जाऊ नयेत म्हणून हे लिहितो आहे.

सातारा-सांगलीत असे काठ तालुक्यातालुक्यात आहेत. कुठं खडीसाठी डोंगर फोडलाय, कुठं मुरूम उचलून माळ खरवडलाय, कुठं वीटभट्टीसाठी नदीकाठची माती नेलीय. खाणीच्या जमिनीवर झाडं लावण्याबद्दल जे वाचायला मिळतं, ते मात्र बहुतेक कोळशाच्या खाणींचं असतं. आपल्या राज्यातला कोळसा विदर्भात आहे, चंद्रपूर, वणी, उमरेडच्या पट्ट्यात. तिथं कोळशापर्यंत पोचायला वरची माती नि खडक उपसून टेकड्यांएवढे ढीग घालतात. त्या खडकात गंधकाची खनिजं असली तर हवा-पाणी लागून आम्ल तयार होतं आणि ते ओढ्यात उतरतं. म्हणून तिकडच्या सल्ल्यांत चुना टाकायला सांगतात. आपला काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा, बेसॉल्ट. त्यात ही अडचण नाही. उलट आपल्या पूर्वेकडच्या जमिनी आधीच चुनखडीच्या आहेत. तेव्हा चुन्याची पोती आणू नका.

कोळसा खाणींवरचा एक धडा मात्र जसाच्या तसा आपल्याला लागू पडतो. अमेरिकेतल्या अप्पालाचियन डोंगरांत खाणकाम संपलं की जमीन सपाट करून बुलडोझरनं दाबून टाकायचे आणि वर जोमदार परदेशी गवत पेरायचे. लांबून हिरवं दिसायचं, पण झाडं काही मोठी व्हायची नाहीत. शोध घेतल्यावर मोठं कारण निघालं ते दाबलेली जमीन. मुळांना खाली जायला वाटच नव्हती. आता तिथले जाणकार वरची किमान चार फूट माती सैल राहू द्या असं सांगतात. आमचीही पहिली दोन वर्षं याच एका गोष्टीनं खाल्ली. त्यामुळे माझं सांगणं एवढंच आहे, की आधी पाणी, मग माती, मग गवत, मग झुडपं आणि सगळ्यात शेवटी झाडं. पहिल्या वर्षी खड्डे काढायची घाई करू नका.

पहिली पायरी: वरचा ओढा बघून या

खाणीच्या वर ओढ्याचा जो भाग शाबूत आहे, तोच तुमचा गुरू. तसा भाग उरला नसेल तर शेजारच्या गावचा ओढा बघा, देवराई असेल तर तिथला बघा. मे महिन्यात एकदा आणि ऑगस्टात एकदा, वही-पेन्सिल घेऊन उगमापासून खालपर्यंत चाला. सोबत गुरं राखणारं जुनं माणूस असेल तर उत्तम. पुस्तकात मिळणार नाही अशी नावं त्याच्याकडून कळतात.

चालताना पुराची खूण शोधा. झुडपांना अडकलेला काडीकचरा, प्लास्टिक, खोडांवरचा गाळाचा पट्टा ज्या उंचीला दिसेल, तिथपर्यंत पाणी चढतं. त्या खुणेवरून काठाचे तीन पट्टे पाडा. वर्षातून अनेकदा बुडणारा खालचा पट्टा, मोठ्या पुरातच बुडणारा मधला उतार, आणि कधीच न बुडणारा माथा. प्रत्येक पट्ट्यात काय उगवलंय ते वेगवेगळं लिहा.

आमच्या वहीत हे असं आलं. पाण्याच्या कडेला लव्हाळा, वाळा, कास गवत, शेरणी, निर्गुडी, आणि जिथं झऱ्याची ओल बारमाही आहे अशा दोन ठिकाणी वाळुंज. उतारावर करंज सगळ्यात जास्त, मग जांभूळ, उंबर, अर्जुन. माथ्यावर बाभूळ, हिवर, लिंब, भोकर, पळस, बोर. तुमची यादी वेगळी येईल आणि यायलाच हवी. पाटण, जावळी, शिराळ्याकडे पाऊस भरपूर, तिथं जांभळाची दाटी दिसेल. माण, खटाव, आटपाडी, जतकडे ओढे दिवाळीनंतर आटतात, तिथं वाळुंजाचा हट्ट धरू नका. करंज, निर्गुडी, बाभूळ, हिवर यांच्यावर भर द्या. पूर्वेकडे आणखी एक लक्षात ठेवा. तिथला भरवशाचा पाऊस बऱ्याचदा सप्टेंबरात येतो, त्यामुळे जूनच्या पहिल्या सरीवर भुलून केलेली लागण जुलैत करपते.

दुसरी पायरी: कागद

हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. सातबारा काढा आणि जमीन खाजगी, गायरान की आणखी कसली ते बघा. ओढ्याचं पात्र सहसा सरकारचं असतं. ग्रामसभेचा ठराव घ्या. जैवविविधता कायदा २००२ चा आहे आणि त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. ती नुसती कागदावर असली तरी तिच्यामार्फत जा, तुमची वनस्पतींची यादी गावच्या लोक जैवविविधता नोंदवहीत जाईल. खाणीतला मुरूम किंवा कच, म्हणजे खडी फोडणाऱ्या क्रशरची बारीक भुकटी, हलवायची असेल तर ते गौण खनिजात मोडतं. राज्याच्या २०१३ च्या गौण खनिज नियमांप्रमाणे परवानगी लागते, आधी तहसील कार्यालयात विचारा. आमचा एक ट्रॅक्टर याच कारणानं दोन दिवस अडकून पडला होता, आणि चूक आमचीच होती.

खाणीचा खड्डा पाण्यानं भरलेला असेल तर काम सुरू करण्याआधी त्याला काट्यांचं कुंपण घाला. कडा सरळ तुटलेल्या असतात, पोरं पोहायला उतरतात आणि वर येता येत नाही. मुलांना श्रमदानाला आणणार असाल तर हे पहिलं.

तिसरी पायरी: पाणी कुठून येतं, कुठं जातं

पहिला जोराचा पाऊस झाला की छत्री घेऊन जागेवर जा. घरात बसून काढलेल्या नकाशापेक्षा तो अर्धा तास जास्त शिकवतो. आम्हाला तेव्हा दिसलं की कचेच्या ढिगावरून येणारा लोट थेट ओढ्यात पडतोय. कच ओली झाली की लापशीसारखी वाहते आणि वाळली की सिमेंटसारखी बसते. तिच्याखाली बी रुजत नाही, पात्रातल्या दगडांमधल्या फटी बुजतात, आणि त्या फटींत राहणारे किडे, खेकडे, बेडकांची पिल्लं संपतात. हा लोट थांबल्याशिवाय काठावर काहीही लावणं व्यर्थ आहे.

थांबवायचा कसा? ढिगाच्या पायथ्याशी, ओढ्यापासून लांब, समपातळीत चर काढा आणि चराच्या खालच्या बाजूला दगडांची बुटकी ओळ रचा. पातळी बघायला ए-फ्रेम, म्हणजे इंग्रजी ‘A’ च्या आकाराची, ओळंबा टांगलेली लाकडी चौकट पुरते. पाणी फाउंडेशनच्या स्पर्धांत भाग घेतलेल्या गावांत ती वापरणारा कुणी ना कुणी सापडतोच. चरात साठलेली कच दर पावसाळ्यानंतर उपसा. खाणीतून ओढ्याकडे येणाऱ्या छोट्या घळी असतील तर त्यांत सुट्या दगडांचे बांध घाला, मध्ये खोलगट, दोन्ही बाजूंना उंच. पाणी मधून जाईल आणि काठ खाणार नाही.

काठ उभा तुटलेला असेल तर तो तासून उतरता करावा लागतो. एक फूट उंचीला दोन फूट पसारा, एवढा उतार तरी हवा, तीन मिळाला तर बरं. इथं जेसीबी लागेल. पण त्याला पात्रात उतरू देऊ नका. ‘एवढं मशीन आलंच आहे तर ओढा खोल नि सरळ करून घेऊ’ असं कुणीतरी नक्की म्हणेल. ठामपणे नाही म्हणा. वळणं, डोह, मधले मोठे दगड यांनीच पाण्याचा वेग मरतो. सरळ केलेला ओढा पहिल्याच पुरात तुमचा नवा काठ घेऊन जाईल.

चौथी पायरी: मातीला श्वास

आता आमची मोठी चूक सांगतो. पहिल्या वर्षी वृक्षदिंडी वगैरे काढून तीनशे रोपं लावली. खड्डे दीड फुटांचे, शेणखत घातलेले, सगळं रीतीप्रमाणे. ऑगस्टात पानं पिवळी पडायला लागली. पाऊस चांगला होता, त्यामुळे आम्हाला उलगडा होईना. एक मेलेलं रोप उपटलं तर मुळं काळी पडलेली, कुजका वास, आणि ती खड्ड्याच्या भिंतीला टेकून गोल गोल फिरलेली, कुंडीतल्यासारखी. खाली हात घातला तर पाणी. दहा-पंधरा वर्षं डंपर फिरून ती जमीन इतकी दाबली गेली होती की आमचा प्रत्येक खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेली बादली झाला होता. रोपं तहानेनं नाही, बुडून मेली.

म्हणून आधी ही परीक्षा घ्या. पाऊस होऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी पहार घ्या आणि नुसत्या हाताच्या जोरानं जमिनीत दाबा. वीतभर गेली नाही तर जमीन दबलेली आहे. मग एक फूट खोल खड्डा काढून पाण्यानं भरा आणि सकाळी येऊन बघा. पाणी तसंच उभं असेल तर त्या जागी रोप लावू नका.

उपाय उसाच्या शेतकऱ्याला ठाऊक आहे: सबसॉयलर, म्हणजे ट्रॅक्टरमागं लावायचा, खोलवर जमीन फोडणारा फाळ. एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडीठाक असताना, उताराला आडवा, जितका खोल जाईल तितका चालवा. कोरडी जमीन तडकून फुटते, ओली नुसती चिरली जाते आणि पुन्हा मिटते. ट्रॅक्टर जाणार नाही अशा जागी पहार आणि टिकावानं ठिकठिकाणी फोडा, सगळीकडे नको. आणि एकदा सैल झालेल्या जमिनीवर पुन्हा वाहन नेऊ नका. पाण्याचा टँकरसुद्धा नाही, पाइप लांबवा.

मग खाद्य. खाणीच्या मुरमात सेंद्रिय असं काही नसतं. आपल्याकडे साखर कारखान्यांचं प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला गाळ, मिळतं, ते चांगलं कुजवून घ्या. ताजं टाकलं तर तापतं आणि मुळं जाळतं. नागपूरच्या नीरी संस्थेनं विदर्भातल्या मँगनीज खाणीच्या ढिगांवर झाडं उभी करताना प्रेसमड वापरलं होतं, तेव्हा ही नुसती घरगुती युक्ती नाही. त्याच्या जोडीला तलावातला गाळ आणि शेणखत. आणि वरच्या शाबूत ओढ्यातल्या करंज-जांभळाखालची पालापाचोळ्याची माती, दोन-चार पाट्याच आणा आणि मिसळा. त्या मातीतले सूक्ष्मजीव नि बुरश्या नव्या मुळांना साथ देतात. जास्त ओरबाडू नका, तो भाग आपला ठेवा आहे. रस्त्याकडेची किंवा अनोळखी शेतातली माती मात्र अजिबात नको. तिच्यासोबत गाजर गवताचं बी येतं आणि मग पुढची पाच वर्षं तेच उपटत बसावं लागतं.

पाचवी पायरी: नको ते काढणं

घाणेरी, वेडी बाभूळ, सुबाभूळ, गाजर गवत, पाण्याकडेची बेशरम. ही आपली झाडं नाहीत आणि ती आहेत तोवर देशी रोपाला उजेड मिळत नाही. पण सगळी एकदम उपटू नका. उतारावरच्या घाणेरीनं का होईना, माती धरून ठेवलेली असते, आणि तिच्यात बुलबुलांची घरटी असतात. पावसाळ्याआधी पट्ट्यापट्ट्यानं काढा आणि जेवढं काढाल तेवढ्यावर त्याच पावसात गवत लावा.

घाणेरी वरून छाटली तर दुपटीनं फुटते. खोडाच्या बुडाशी माती उकरून, मुख्य मूळ जमिनीखाली चार बोटांवर तोडा आणि झुडूप उलटं करून वाळत ठेवा, मुळं आभाळाकडे. वेड्या बाभळीचंही बूड जमिनीखालीच तोडावं लागतं. गाजर गवत फुलायच्या आत उपटा, हातमोजे घालून. अंगाला खाज येणारे आणि दमा असणारे यांनी त्याच्या वाटेला जाऊच नये.

सहावी पायरी: गवत

रोपं लावली की फोटो छान येतो, गवताचा येत नाही. म्हणून ही पायरी सगळे गाळतात. पण पुरात मोठी झाडं जातात आणि लव्हाळा वाकून राहतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. काठ धरून ठेवायचं काम आधी गवताचंच आहे.

खालच्या पट्ट्यात वाळा लावा. जुनं बेट खणून तीन-चार फुटव्यांचे ठोंब करा, पातं वीतभर ठेवून कापा, मुळं चार बोटं ठेवा. उताराला आडव्या, समपातळीतल्या ओळीत चार-सहा बोटांच्या अंतरानं लावत जा. फट राहिली की पाणी नेमकं तिथून घुसतं, तेव्हा ओळ सलग हवी. दोन ओळींत उभ्या उंचीनं तीनेक फुटांचं अंतर पुरे. मध्ये लव्हाळा आणि कास यांचे गड्डे वरच्या ओढ्यातून थोडे थोडे आणून टोचा.

उतारावर आणि माथ्यावर मारवेल, पवन्या यांचं बी. ते दिवाळीच्या आसपास पिकतं. हातानं ओरबाडून कापडी पिशवीत भरा आणि कोरड्या जागी ठेवा. ताजं बी सहसा रुजत नाही, काही महिने थांबलं की उगवण सुधारते, म्हणजे पुढचा जून. हलकं असल्यानं ते वाऱ्यावर उडतं. शेण नि मातीत कालवून फेकलं की जागेवर राहतं. जिथं हरळी आपणहून पसरतेय तिथं तिला पसरू द्या.

सातवी पायरी: खुंट खोचणं

दुसऱ्या पावसाळ्यात झुडपं. निर्गुडी, शेरणी आणि वाळुंज ही तिन्ही फांदीवरून येतात, त्यामुळे रोपवाटिकेची गरज नाही. शेरणीची मुळं खडकाच्या फटींत अशी रुततात की अंगावरून पूर गेला तरी ती आडवी होऊन पुन्हा उठते. पात्रातल्या दगडी बेटांसाठी तिच्यासारखं दुसरं काही मी पाहिलेलं नाही.

वाळुंजाचा खुंट अंगठ्याएवढा जाड, दोन-तीन फूट लांब घ्या. जून फांदी हवी, कोवळी हिरवी नको. तोडल्यापासून लावेपर्यंत बुडाकडची बाजू पाण्याच्या बादलीत. रात्रभर भिजली तर आणखी बरं. एक साधी गोष्ट कटाक्षानं करा: तोडतानाच खालचं टोक तिरकं कापा आणि वरचं सरळ. आमच्याकडे एकदा शाळेतल्या मुलांनी उत्साहानं शंभरावर खुंट लावले आणि महिन्यानं बघतो तर निम्म्यांना फूट नाही. उपटून पाहिलं, तर डोळे खाली तोंड करून बसलेले. शेंडा जमिनीत आणि बूड आभाळात. पोरांचा काही दोष नव्हता, पानं काढलेल्या काठीचं वर-खाली कळणार कसं? तेव्हापासून तिरकं टोक जमिनीत, हा नियम.

आधी पहारीनं भोक पाडा, मग खुंट घाला. हातोड्यानं ठोकला तर साल फाटते. तीन भागांतले दोन भाग जमिनीत जायला हवेत, वर वीत-दीड वीत पुरे. भोवतीची माती टाचेनं दाबा, आत पोकळी राहिली की मूळ वाळतं. एकाच झाडाच्या फांद्या घेऊ नका. पाच-सहा वेगवेगळ्या झाडांच्या घ्या, म्हणजे एखादा रोग आला तरी सगळी एकदम जाणार नाहीत.

आठवी पायरी: झाडं, शेवटी

तिसरा पावसाळा. बी तुमच्याच ओढ्याचं किंवा जवळपासचं घ्या. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत करंज, जांभूळ, अर्जुन मिळतात, पण घरच्या बियांची रोपं केली तर नेमकं आपल्या मातीचं वाण राहतं.

करंजाच्या शेंगा उन्हाळ्यात तयार होतात. बी तसंच पेरलं तरी उगवतं. नवख्या माणसानं करंजापासूनच सुरुवात करावी, हुरूप येतो. अर्जुनाची पंखांची फळं दोन दिवस पाण्यात भिजवा आणि धीर धरा, ती सावकाश येतात. जांभळाचं उलट आहे. बी पंधरा-वीस दिवसांत मरतं, वाळवून ठेवायचं नाही. जूनमध्ये खाल्लेल्या जांभळाच्या बिया धुऊन त्याच आठवड्यात पिशवीत लावा. एका बीतून दोन-तीन कोंब आले तर दचकू नका, जांभळाचं तसंच असतं. जोमदार एक ठेवा. उंबराचं बी राईपेक्षा बारीक. पिकलेलं फळ पाण्यात कुस्करून गाळून वाळूत पसरावं लागतं.

लावताना रांगा आखू नका. वरच्या ओढ्यात जशी झाडं घोळक्यानं असतात तशी लावा. करंज पाणवठ्याच्या वरच्या कडेला, जांभूळ नि अर्जुन जिथं ओल टिकते तिथं, उंबर मोठ्या दगडांच्या आसऱ्यानं, बाभूळ-हिवर-लिंब माथ्यावर. काही जागा मोकळ्या सोडा. तिथं उन्हात सरडे बसतात, गवतात लावे पक्षी फिरतात. गुलमोहर, निलगिरी, गिरिपुष्प कुणी फुकट दिली तरी ओढ्याकाठी लावू नका.

नववी पायरी: शेरडं, आग आणि उन्हाळा

तारेचं कुंपण महाग आणि चोरीला जाणारं. त्यापेक्षा माणसांशी बोला, आणि पाटी लावायच्या आधी बोला. आम्ही चराईबंदीचा ठराव करून बसलो आणि शेरडं राखणाऱ्या आक्कांनी भर चावडीवर विचारलं, “मग आमच्या शेरडांनी पाण्याला जायाचं कुठनं?” त्यांचं बरोबर होतं. त्या तीस वर्षं त्याच वाटेनं शेरडं पाण्यावर नेत होत्या. मग त्यांनाच विचारून दहा फुटांची वाट मोकळी ठेवली, तिच्या दोन्ही बाजूंना काट्याचं कुंपण केलं आणि माथ्यावरचा एक तुकडा गवत कापून न्यायला दिला. त्यानंतर आमच्या रोपांवर त्यांच्याइतकी नजर दुसऱ्या कुणी ठेवली नाही.

बाभळीचं बीही त्यांच्याकडूनच आलं. बाभळीच्या बीला कडक कवच असतं, ते गरम पाण्यात घालून भिजवावं लागतं असं आम्ही वाचलेलं. आक्कांनी सकाळी शेरडं कोंडायचं वाडगं झाडलं आणि केरातून ओंजळभर बिया काढून हातावर ठेवल्या. शेरडं दिवसभर शेंगा खातात, रात्री रवंथ करताना बिया तोंडातून टाकतात, काही लेंड्यांतून पडतात. त्या बिया पेरल्या आणि आठवड्याभरात कोंब वर आले.

फाल्गुनात वणव्याची भीती. माघातच जागेभोवती पाच-सहा हात रुंदीचा पट्टा गवत कापून साफ करा. खालच्या मळ्यांतल्या शेतकऱ्यांना भेटून उसाचं पाचट पेटवू नका म्हणून विनवा आणि लगेच ते पाचट तुम्हीच मागून घ्या. रोपांभोवती पाचटाचा वीतभर थर दिला तर ओल कितीतरी दिवस टिकते. थर खोडाला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा. वाळवी दिसली तर थर पातळ करा.

पाणी दोन उन्हाळे द्यावं लागतं. रोज थोडं नको. आठ-दहा दिवसांनी एकदा, घागरभर, सावकाश. रोपाशेजारी मातीचं कच्चं मडकं गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवलं तर पाणी झिरपत राहतं आणि मुळं खोल जातात. आमचं पाणी खाणीच्या खड्ड्यातूनच येतं. तो खड्डा बुजवायचा नाही असं म्हणूनच ठरवलं.

दहावी पायरी: मोजणी

एक मोठा दगड ठरवा, त्यावर रंगानं खूण करा आणि दर नोव्हेंबरात नि दर मेमध्ये त्याच दगडावर उभं राहून त्याच दिशेनं फोटो काढा. त्याच दोन महिन्यांत जगलेली रोपं मोजा, जातवार. मेलेल्यांचं कारण शोधा, उपटून मुळं बघा आणि वहीत लिहा. मेलेल्या जागी लगेच तेच रोप पुन्हा लावू नका. दोनदा मेलं तर ती जागा त्या झाडाची नाही.

नुसती झाडं मोजू नका. पावसाळ्यानंतर पात्रातला दगड उलटून बघा. खाली कच चिकटलेली आहे की किड्यांची हालचाल आहे? आमच्याकडे चौथ्या वर्षी दगडाखाली पहिला खेकडा दिसला. चतुर घिरट्या घालायला लागले, खंड्या बसायला लागला, आणि पाचव्या वर्षी माथ्यावरच्या बाभळीला सुगरणीनं तीन घरटी टांगली.

पाचव्या-सहाव्या वर्षापासून आपण न लावलेली झाडं उगवायला लागतात, पाखरांच्या विष्ठेतून आलेली. खाणीच्या उभ्या भिंतीत, जिथं आम्ही कधी हातही लावला नव्हता, तिथल्या फटीत गेल्या सप्टेंबरात बोटभर उंबर दिसलं. साफसफाई करणारी मंडळी उत्साहात अशी रोपं घाणेरीसोबत उपटून टाकतात. म्हणून विळा हातात द्यायच्या आधी प्रत्येकाला उंबर, करंज आणि लिंबाचं कोवळं पान दाखवा, आणि अशा रोपाशेजारी चुन्यानं खूण केलेला दगड ठेवून द्या.